जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांकरितां, घाटांकरितां, फार तर एखाद्या पडक्या वाड्याकरितां राखून ठेविला आहे. तेलानें माखलेली, गंजानें खाल्लेली लोखंडी मोटार या शब्दाच्या योग्यतेची आहे, असें सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि जुनी मोटार स्वतःच्या घरीं, सुटीच्या दिवशीं, खिळाखिळा उकलून पुन्हां उभी करणारीं माणसें आज जगांत सर्वत्र आहेत आणि आपल्या महाराष्ट्रांतहि आहेत. त्यांचा हा उद्योग केवळ हौसेचा आहे, कीं इतिहासाचें रक्षण करण्याचें तें एक काम आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा विचार मी वर्धा नदीपलीकडच्या राजुरा तालुक्याकडे पाहून करणार आहें. मोटारींचा इतिहास मुंबई-पुण्याचाच असतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं.

अमेरिकेंत या छंदांत मोठा मान आहे तो 'मसल कार' नांवाच्या जातीस. दोन दरवाजांची, मध्यम आकाराची साधी मोटार घ्यावयाची आणि तिच्यांत एरवीं थोरल्या मोटारींत बसणारें आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन घालावयाचें, अशी ही युक्ति. आपल्या भाषेंत हिला पहिलवान मोटार म्हणण्यास हरकत नाहीं. १९६४ सालीं पॉन्टिअक कंपनीनें 'जी. टी. ओ.' ही गाडी काढली. तिचें इंजिन ३८९ घन इंचांचें व ३२५ अश्वशक्तीचें होतें. त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं फोर्ड कंपनीची मस्टँग लोकांपुढें आली. पुढें आठ-दहा वर्षें या गाड्यांचें राज्य चाललें. मग त्यांच्या विम्याचे दर चढले, १९७० च्या कायद्यानें धुरावर बंधनें आलीं आणि १९७३ च्या अखेरीस अरब देशांनीं तेल अडवून धरल्यामुळें पेट्रोल महागलें. ज्या गाड्यांनीं काल तरुणांस वेड लाविलें होतें, त्याच आज खर्चाची धोंड वाटूं लागल्या. पुष्कळ गाड्या भंगारांत गेल्या. ज्या वांचल्या त्या कोणा शहाण्या संस्थेनें ठरवून वांचविल्या नाहींत. कोणाच्या घरामागच्या पडवींत त्या पडून राहिल्या आणि घरच्याच कोणीतरी हातीं पाना घेऊन त्या उकलल्या, म्हणून त्या वांचल्या. आज त्याच गाड्या संग्रहालयांत मानानें उभ्या आहेत.

आपल्या देशांत ही जात रुजलीच नाहीं. याचें कारण आपल्या औद्योगिक इतिहासांत आहे. शिवडीस जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून सुट्या भागांतून मोटारी जोडीत असे. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यांत डॉज व प्लिमथ या अमेरिकन मोटारी जोडल्या जात. परंतु १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारनें असें ठरविलें कीं, जे कारखाने येथें भाग तयार करण्यास सिद्ध नाहींत त्यांनीं आपला गाशा गुंडाळावा. १९५४ सालीं शिवडीचा कारखाना बंद झाला; प्रीमियरनें छोट्या मोटारींकरितां इटलीच्या फियाटची वाट धरली; परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळें अमेरिकेंत पहिलवान मोटारी जन्मल्या तेव्हां आपलें दार लागलेलें होतें.

पण एक अमेरिकन गाडी त्यापूर्वींच आंत आली होती व ती थेट आपल्या रानापर्यंत पोंचली. ती म्हणजे जीप. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांकडे मागणी केली कीं, चारहि चाकांना जोर पोंचेल अशी हलकी गाडी थोड्या आठवड्यांत तयार करून द्या. बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअराकडून आराखडा करून घेऊन २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें विलिस व फोर्ड हे कारखाने या स्पर्धेंत उतरले, आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. विलिसचें इंजिन चार सिलिंडरांचें, १३४ घन इंचांचें, अवघ्या ६० अश्वशक्तीचें होतें, म्हणजे जी. टी. ओ.च्या पांचव्या हिश्श्याचीहि शक्ति त्यांत नव्हती. परंतु मुख्य गिअरच्या दांड्याशेजारीं हिला आणखी दोन लहान दांडे असत. एकानें पुढच्या चाकांना जोर जोडावयाचा व दुसऱ्यानें गति कमी करून ओढ वाढवावयाची. या दोन दांड्यांच्या बळावर ती नाला, वाळू व चिखल पार करी. अमेरिकन पहिलवान सरळ डांबरी रस्त्यावर धांवणारा. हा आपला पहिलवान रस्ता नसलेल्या ठिकाणीं चालणारा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखास कोणता अधिक उपयोगी, हें सांगावयास नको.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या गाड्या डिस्पोजलांत विकल्या गेल्या. पुढें महिंद्र आणि महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेली मुंबईची कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसच्या जीपगाड्या सुट्या भागांत आणून जोडूं लागली व हळूहळू त्यांचे भाग येथेंच घडवूं लागली. १९५३ सालीं विलिसनें उंच बॉनेटचा एक नमुना काढला होता. अमेरिकेंत तो १९६८ सालीं बंद झाला; आपल्याकडे त्याच घडणीची गाडी त्यानंतरहि कित्येक दशकें निघत राहिली. वनखातें, तहसील कचेरी, आरोग्यखातें, निवडणुकीचीं पथकें या सर्वांनीं जीप वापरली. खेड्यांतील लोकांच्या दृष्टीनें जीप येणें म्हणजेच सरकार येणें होतें.

आतां राजुऱ्याकडे वळूं. बल्लारपूरहून वर्धा ओलांडली कीं हा तालुका लागतो. १९२९ सालीं काझीपेठ-बल्हारशा हा लोहमार्ग पुरा झाला तेव्हांपासून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाड्या याच्यामधून जातात. हल्लीं सास्तीच्या कोळशाच्या खाणींमुळें हें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु हा तालुका पूर्वीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता, ही गोष्ट शहरांतील सुशिक्षितांसहि क्वचितच आठवते.

समजा, युद्धानंतर डिस्पोजलांतील एक जीप राजुऱ्यांतील एखाद्या घरीं येऊन उभी राहिली. तिचा तेथला पहिला कागद उर्दूंत असावयाचा व तिची किंमत हाली सिक्क्यांत चुकती व्हावयाची. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली व ती गाडी स्वतंत्र हिंदुस्थानांतील हैदराबाद राज्यांत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां राजुरा तालुका मुंबई राज्यांत नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. १९५९ सालीं तो नांदेडहून काढून चांदा जिल्ह्यांत घातला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें. आणि आज या जिल्ह्यांतील नव्या गाडीवर 'एमएच ३४' हीं अक्षरें असतात. पाहा, गाडी अंगणांतून हललीहि नाहीं, आणि तिनें चार राजवटी पाहिल्या. हा सगळा इतिहास ग्रंथांत चार ओळींचा आहे. पण अशी एक गाडी तिच्या सर्व कागदांसकट हातीं लागली, तर तो चार ओळींचा इतिहास हात लावून पाहतां येतो. जुनी गाडी राखावी ती याकरितां. ती चकाकते म्हणून नव्हे.

आणि चकाकी किती फसवी असते, याचा धडाहि आपल्याला जीपनेंच दिला आहे. १९४८ सालीं काश्मीरच्या लढाईकरितां गाड्या तांतडीनें हव्या होत्या. तेव्हां लंडनमधील आपल्या उच्चायुक्तांच्या कचेरीमार्फत दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या २,००० जुन्या जीपगाड्यांचा करार झाला. त्यांपैकीं १५५ गाड्या हिंदुस्थानांत पोंचल्या व त्या कामाच्या नाहींत असें ठरलें. पार्लमेंटांत त्यावरून मोठें वादळ उठलें. अखेर १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. त्यांतील राजकारण आपण सोडून देऊं. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्यानें त्यांतून एवढेंच घ्यावें कीं, रंग ही दुरुस्ती नव्हे.

खरी दुरुस्ती कशी होते, तें थोडक्यांत सांगतों. वर्षानुवर्षें उभी असलेली गाडी पाहिली कीं नवशिक्याचा हात प्रथम किल्लीकडे जातो. तो आवरला पाहिजे. सिलिंडरांत पिस्टन गंजून धरलेले असतात. प्लग काढून त्या भोंकांतून तेल सोडावें, तें कांहीं दिवस मुरूं द्यावें, आणि मग इंजिन हळूहळू हातानें फिरवून पाहावें. जबरदस्ती केली तर रिंगा तुटतात. एकहि भाग सोडविण्यापूर्वीं गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. सुटलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या डब्यांत, चिठ्ठी लावून ठेवावा. चासीवरील क्रमांक कधींहि घांसूं नये, कारण तोच गाडीचा जन्मदाखला होय. जीपच्या तळाचा पत्रा पाणी सांठून कुजतो. तेथें कुजका भाग कापून तेवढाच नवा पत्रा जोडावा, सबंध पेटी बदलूं नये. इंजिनाच्या आधीं ब्रेक करावेत. आधीं थांबण्याची सोय, मग चालण्याची, हा क्रम कोणीहि उलटा करूं नये.

काळाबरोबर इंधनहि बदललें आहे, याचें भान ठेवावें लागतें. जुन्या पेट्रोलांत शिसें असे व तें व्हॉल्व्हच्या बैठकींचें रक्षण करी. २००० सालापासून आपल्या देशांत शिसें नसलेलेंच पेट्रोल मिळतें; म्हणून मऊ लोखंडाच्या त्या बैठकी कठीण धातूच्या करून घ्याव्या लागतात. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यानें जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे खराब होतात, ते नव्या जातीचे घालावे लागतात. हीं सर्व कामें घरीं होतातच असें नाहीं. सिलिंडर घांसावयास लेथवाल्याकडे जावें लागतें, पाटे बसविण्यास लोहार लागतो, गादी शिवण्यास शिंपी लागतो. घरच्या जीर्णोद्धाराचा हा एक मोठाच गुण आहे. हातानें काम करणारीं व आपण क्वचितच ज्यांचीं नांवें लिहून ठेवतों अशीं माणसें त्यामुळें घरच्या इतिहासांत येतात.

येथवर हौसेचा भाग झाला. आतां कठीण प्रश्न. आपल्या कायद्याच्या दृष्टीनें मोटारीच्या आयुष्यांत दोन महत्त्वाचे वाढदिवस आहेत: पंधरावा व पन्नासावा. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें गाडी तपासून दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. या वाढीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें, आणि वीस वर्षांवरील गाड्यांकरितां तें २०२५ सालीं आणखी वाढविण्यांत आलें. सरकारी गाड्यांचा निकाल तर त्याहून कडक आहे. १ एप्रिल २०२३ पासून, संरक्षण व सुव्यवस्थेच्या खास कामांतील गाड्या वगळतां, पंधरा वर्षें पुरीं झालेली सरकारी गाडी मोडीत काढावयाची आहे. उलटपक्षीं, २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वारसा गाड्यांकरितां स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेली, खाजगी वापराची दुचाकी वा चारचाकी गाडी २०,००० रुपये भरून 'व्हीए' अक्षरांच्या खास क्रमांकावर दहा वर्षांकरितां नोंदवितां येते. तिचा जुना क्रमांक असल्यास तोच ठेवण्याचीहि मुभा आहे. ती रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. पण प्रदर्शनें, फेऱ्या, अभ्यास व देखभाल यांसाठीं रस्त्यावर आणतां येते.

धूर व अपघात यांचा विचार करतां सरकारचें पहिलें धोरण गैर म्हणतां येणार नाहीं. दुसरें तर स्वागतार्हच आहे. परंतु या दोहोंमध्यें पस्तीस वर्षांचें रान पसरलें आहे. पंधराव्या वर्षीं जी वस्तु भंगार, तीच पन्नासाव्या वर्षीं वारसा! मधलीं पस्तीस वर्षें तिनें कोणाच्या आश्रयानें काढावयाचीं? त्या काळांत तिला ना बाजारांत किंमत, ना संग्रहालयांत जागा. ही दरी कशी गिळते, याचें उदाहरण मुंबईचें आहे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ही एके काळीं त्या शहराची ओळख होती. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून नाहींशी झाली. आतां कोणी एखादी राखली असेल तरच पुढच्या पिढीस ती दिसेल.

हीच पाळी आपल्या रानांतील गाड्यांवर येत आहे. ताडोबांत वाघ पाहण्यास जाणाऱ्या शहरवासीयांच्या परिचयाची जिप्सी १९८५ सालीं निघाली. म्हणजे तिच्यांतली अगदीं पहिलीहि २०३५ पूर्वीं पन्नाशी गाठणार नाहीं. आणि वनखात्याची किंवा आरोग्यखात्याची जी जीप पंधरा वर्षें दुर्गम गांवीं हिंडली, ती तर नियमानेंच मोडीत जावयाची. तिच्याबरोबर तिचें लॉगबुकहि रद्दींत जाईल. कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवीं, कोणत्या कामास, किती मैल गाडी गेली, याची रोजची नोंद त्यांत असते. या जिल्ह्यांत रस्ता, लस व मतपेटी कोणत्या खेड्यास केव्हां पोंचली, हें उद्यां कोणास लिहावयाचें झालें तर याहून चांगलें साधन मिळणें कठीण. निदान प्रत्येक जिल्ह्यांत अशी एक गाडी, इंजिन बंद करून कां होईना, लॉगबुकासह संग्रहालयांत ठेवावी, इतकी अपेक्षा केली तर ती फार नव्हे.

आणखी एक पेंच आहे. २०२१ च्या नियमांत अशी अट आहे कीं, वारसा गाडीच्या चासींत, सांगाड्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट वाजवी आहे. नाहींतर जुन्या नांवाखालीं नवी गाडी खपेल. परंतु १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर पुष्कळ जीपगाड्यांचीं मूळ इंजिनें काढून मालकांनीं डिझेल इंजिनें बसविलीं. हौसेनें नव्हे; पोटासाठीं. तो बदल केला नसता तर ती गाडी तेव्हांच भंगारांत गेली असती. ज्या बदलानें तिला पस्तीस वर्षें तगविलें, तोच बदल आतां तिला वारशाच्या पंक्तींतून उठवूं शकतो.

मग डिझेल इंजिन काढून टाकून कोठून तरी मूळ जातीचें इंजिन आणावें काय? येथें जीर्णोद्धाराचें तत्त्वच पुढें येतें. जुन्या इमारतींविषयीं हा वाद फार पूर्वींचा आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या रस्किननें अशा जीर्णोद्धारास इमारतीचा नाश म्हटलें, तर फ्रान्सच्या व्हियोले-ल-द्यूकनें इमारत मुळांतल्याहून परिपूर्ण करण्याचा पुरस्कार केला. १९६४ सालीं, म्हणजे मस्टँग निघाली त्याच वर्षीं, व्हेनिसच्या सनदेनें असें ठरविलें कीं, प्रत्येक कालखंडानें इमारतीवर उमटविलेल्या खुणांचा मान राखावा. त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें तुरिनची सनद मान्य केली. गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखीच दिसली पाहिजे असें नाहीं, आणि जें काम केलें त्याची नोंद ठेवली पाहिजे, हा तिचा आशय आहे.

मला हें मत पटतें. मूळ इंजिन घरांत कोठें पडलेलें असेल तर तें अवश्य बसवावें आणि डिझेल इंजिन शेजारीं जपून ठेवावें. नसेल, तर दुसऱ्या गाडीचा जीव काढून हिच्यांत घालूं नये. 'व्हीए' क्रमांक मिळाला नाहीं तरी चालेल. पण खोटा भूतकाळ नको. इतिहासाच्या पुस्तकांत जें आपण क्षम्य मानीत नाहीं, तें गाडीच्या बाबतींत क्षम्य कां मानावें?

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. तुमच्या घरीं, गांवच्या वाड्यांत किंवा आजोळीं अशी एखादी गाडी, मग ती जीप असो, फियाट असो वा साधी स्कूटर असो, पडलेली असेल, तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं शंभर पानांची एक वही घ्या. गाडी कोणी घेतली, कितीला घेतली, तिच्यांतून कोण वरातीला गेलें, कोणास रात्रीं दवाखान्यांत नेलें, कोणत्या मिस्त्रीनें कोणता भाग केव्हां बदलला, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून तींत उतरवून घ्या. जुने कागद, मग ते मोडींत असोत वा उर्दूंत, वहींत जपून ठेवा. त्यानंतरहि गाडी द्यावीशी वाटली तर खुशाल द्या. पण माझा अनुमान असा आहे कीं, ती वही दहा पानें भरली कीं तुम्ही गाडी देणार नाहीं. पाना शोधावयास लागाल.